टेक्श्चर आणि मेलडी: वरच्या चालीखाली काय चाललंय ते ऐकायचं कसं?

सूरपेटी
नमस्कार मंडळी. लेक पियानो शिकते, सध्या तिचा थिअरीचा अभ्यास चालू आहे आणि त्यात मेलडीनंतर टेक्श्चर, म्हणजे संगीताचा पोत, नावाचं प्रकरण आलंय. मोनोफोनी म्हणजे एकच सुरावट, होमोफोनी म्हणजे एक सुरावट आणि खाली कॉर्ड्सची (एकत्र वाजणाऱ्या स्वरांची) साथ, पॉलिफोनी म्हणजे एकाच वेळी अनेक स्वतंत्र सुरावटी, एवढं तिने मला पाठ म्हणून दाखवलं. पण क्लासच्या नोट्समध्ये मोनोफोनीच्या उदाहरणात सरळ 'भारतीय शास्त्रीय संगीत' लिहिलंय आणि तिथे मी अडकलो. मी भजनी मंडळात पेटी वाजवतो. गाणारा गातोय, तंबोरा चालू आहे, मी मागून सूर धरतोय, मग हे 'एकच' कसं काय?

दुसरं म्हणजे वेस्टर्न ऑर्केस्ट्रा लावला की मला फक्त वरची चाल ऐकू येते. बाकी सगळं म्हणजे एसटी स्टँडवर पन्नास माणसं एकदम बोलतायत असं वाटतं. त्यात खरंच काही ऐकण्यासारखं असेल तर कान तयार कसा करायचा? व्याख्या नकोत, ऐकून किंवा वाजवून कळेल असं काही सांगा.

अवली
वाचनखूण साठवली. मलाही हाच प्रश्न आहे.

डावा_हात
मी पियानो शिकवते, त्यामुळे राहवत नाहीये. दादा, तुम्हाला पेटी येते ना, मग सरगममध्येच सांगते. मोझार्टचा सी मेजर सोनाटा (के ५४५, साल १७८८) प्रत्येक विद्यार्थ्याच्या वाट्याला येतोच, तुमच्या लेकीच्याही येईल. पांढरी एक सा धरा. उजव्या हाताला आहे सा, ग, प, मग मंद्र (खालच्या सप्तकातल्या) नि वर थांबून झटकन सारे आणि परत सा. ही झाली मेलडी. डाव्या हाताला त्याच वेळी सा प ग प, सा प ग प, मग रे प म प, आणि परत सा प ग प. आता नुसता डावा हात वाजवून बघा. ही चाल म्हणून कोणी गुणगुणणार नाही, हा सा-ग-प चा कॉर्डच आहे, फक्त सुटा करून वाजवलेला. पण वर नि आला की खाली रे प म येतं आणि त्या नि ला घरी जायची ओढ लागते. खालचं काढून टाकलं तर तोच नि बराच निवांत वाटतो. ही होमोफोनी.

आता बाखचं पहिलं टू पार्ट इन्व्हेन्शन. उजवा हात सुरू करतो: सा रे ग म रे ग सा, आणि वर प. दोन मात्रा गेल्या की डावा हात तेच, अगदी तेच, खालच्या सप्तकात म्हणतो. पण उजवा काही थांबत नाही, तो पुढचं बोलतोय. इथे डावा हात वेगळा वाजवलात तरी गाणंच वाटेल. पॉलिफोनी ओळखायची माझी कसोटी हीच, कुठलीही एक ओळ उचलून एकटी गायची, गाण्यासारखी लागली तर ती सुरावट, नाहीतर साथ.

झब्बू
आयडी एकदम सार्थ आहे तुमचा :)

तीनताल१६
सगळं वाचतोय, छान लिहिलंय, पण मुळात आपण आपलं संगीत त्यांच्या फूटपट्टीने का मोजायचं? आपल्याकडे रागाची बढत आहे, एका स्वरावर गायक दहा मिनिटं राहतो, त्याला लागणाऱ्या श्रुती (स्वरांमधले बारीक फरक) आहेत, मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) आहे. त्यांनी स्वर एकावर एक रचले, आपण एकामागून एक. दोन्ही आपापल्या जागी थोर. पण तीन खाने करून आपल्याला सगळ्यात खालच्या खान्यात टाकायचं आणि त्याचं नाव 'एकच सुरावट', हे मला पटत नाही.

नंदिनी_क
तीनताल, तो खाना खालचा नाहीये, पण चुकीचा आहे हे खरं. नोट्स लिहिणाऱ्याने एक चौथा प्रकार गाळलाय, हेटरोफोनी. एकच सुरावट दोघंतिघं एकाच वेळी म्हणतात पण प्रत्येक जण आपल्या पद्धतीने, थोडं मागेपुढे, एकाची मींड तर दुसऱ्याचा खटका. ख्यालाची साथ म्हणजे बरोब्बर हेच. सारंगीवाला गायकाच्या किंचित मागून येतो, गायक तान घेऊन सम (तालाची पहिली मात्रा) गाठतो आणि तिची शेपटी सारंगीत अजून ऐकू येत असते. त्या शेपटीमुळे जो दाटपणा येतो तेच टेक्श्चर. शिवाय खाली तंबोरा अखंड आहे. म्हणजे अखंड षड्जावर हेटरोफोनी. शुद्ध मोनोफोनी ऐकायची तर चर्चमधला जुना ग्रेगोरियन चँट, सगळे एका सुरात, साथीला काहीच नाही. किंवा पहाटे जात्यावर एकटी बाई ओवी म्हणते ती, अर्थात जात्याची घरघर धरली नाही तर.

पेटीच्या बाबतीत थोडं जास्त. १९४० मध्ये रेडिओवर पेटीला बंदी आली आणि १९७१ नंतर ती हळूहळू सैल झाली. कारण द्यायचे की पेटीचे स्वर ठोकळेबाज, मींड निघत नाही, श्रुती जुळत नाहीत. सगळं खरं. पण मला वाटतं चांगल्या पेटीवाल्यांनी ती उणीव साथीतच भरून काढली, गायक मींड घेतो तेव्हा ते मधले स्वर वाजवतच नाहीत, टोकाचा स्वर धरून बसतात आणि मींड संपली की हलकेच जागा भरतात. कुठे वाजवायचं नाही हे कळणं, हीसुद्धा टेक्श्चरची समजच आहे.

सूरपेटी
नंदिनीताई, शेवटचा परिच्छेद आमच्या मंडळात वाचून दाखवणार आहे. आमच्याकडे दोन पेट्या असल्या की दोन्ही सगळंच वाजवतात.

एक शंका. मी अभंगाच्या आधी सा-ग-प दाबून ठेवतो, भरीव वाटतं म्हणून. मग ती होमोफोनी झाली का?

डावा_हात
नाही, कारण तो कॉर्ड जागचा हलत नाही. तो मोठा तंबोराच म्हणा. एक प्रयोग करा. उजव्या हाताने तार सा (वरच्या सप्तकातला) दाबून ठेवा, सोडू नका. डाव्या हाताने खाली आधी सा वाजवा, मग तो सोडून म, मग तो सोडून मंद्र ध. वरचा सा तोच आहे, तसूभर हललेला नाही, पण तीन वेळा तीन वेगळे वाटेल. सा वर घरात, म वर मोकळा आणि ध वर थोडा उदास. वेस्टर्न हार्मनीची सगळी गंमत यात आहे, स्वर न बदलता त्याच्या पायाखालची जमीन बदलायची.

तीनताल१६
आणि म्हणूनच ते रागात चालत नाही! रागात प्रत्येक स्वराचं नातं षड्जाशी आणि ते नातं पूर्ण मैफलभर एकच. जमीन हलवलीत तर मारवा रागातला कोमल रिषभ काय करेल? तो षड्जावर घासतोय म्हणून तर तो मारवा.

डावा_हात
+१००. अगदी मान्य. मी रागांना कॉर्ड लावा म्हणत नाहीये, फक्त तिकडे कॉर्ड नेमकं काय करतो ते सांगतेय.

मिरजेचा_भोपळा
तंबोऱ्याचा विषय निघाला म्हणून. आमच्या मिरजेत पिढ्यान्‌पिढ्या तंबोरे बनतात, लहानपणापासून जवारी काढताना, म्हणजे तारेला झंकार आणताना, बघत आलोय. घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवतात, एका जागी तार नुसती ठण्ण बोलते आणि केसभर सरकवला की एकदम झंकार उघडतो. तारा चार, प सा सा आणि खर्ज (खालचा सा). पण खर्ज नीट लागला आणि जवारी उघडी असली की गांधार आपोआप ऐकू येतो, जो कोणी छेडलेलाच नाही. त्याला स्वयंभू गांधार म्हणतात. खर्जाच्या तारेच्या पोटातच तो असतो, पाचवा उपस्वर. तेव्हा 'मागे एकच सूर वाजतोय' असं जे म्हणतात त्यांनी तंबोऱ्याला कान लावून बसावं. मालकंसाला पंचमाची तार मध्यमात लावतात, मारवा-पूरियाला निषादात, मग मागचा सगळा रंग बदलतो. हे टेक्श्चर नाही तर काय आहे!

आणि कृपया मोबाईलच्या स्पीकरवर तंबोरा ऐकून मत बनवू नका. छोट्या स्पीकरवर खर्ज पोचतच नाही.

अवली
मी आत्ता हेडफोन लावून नुसता तंबोरा ऐकला. गांधार आहे!! इतकी वर्षं गाणं ऐकते पण असं कधी ऐकलं नव्हतं.

मांडवीकाठ
उशिरा आलो धाग्यावर. गोव्याचा उल्लेख कोणीच कसा केला नाही? पोर्तुगीज काळात आमच्याकडे चर्चच्या पॅरिश शाळांत पोरांना सोल्फेज (नोटेशन बघून स्वर म्हणणं) आणि व्हायोलिन शिकवायचे, त्यामुळे गावागावांत नोटेशन वाचणारी माणसं तयार झाली. आणि मांडो, आमचं कोकणी गाणं, ऐका. संथ लय, घुमट (मातीचं तालवाद्य) आणि व्हायोलिनची साथ, आणि दोन आवाज. दुसरा आवाज पहिल्याची सावली धरून खालून चालतो, बहुतेक वेळा तीन स्वरांच्या अंतराने, म्हणजे वर ग तर खाली सा, मध्येच ते अंतर सहाचं होतं. लग्नघरात वयस्क बायका बसल्या बसल्या दुसरा आवाज लावतात, कोणी लिहून दिलेला नसतो. सूरपेटीदादा, तुम्हाला खालची ओळ ऐकायची सवय लावायची असेल तर बाखच्या आधी मांडो घ्या. दोनच आवाज, लय धीमी आणि दोघं एकच शब्द म्हणतात, त्यामुळे कान हरवत नाही.

हीच माणसं पुढे मुंबईला गेली आणि हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात बसली. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, ज्यांच्याकडे प्यारेलाल व्हायोलिन शिकले, त्यांनी १९५८ मध्ये मुंबईत राग आणि सिंफनी ऑर्केस्ट्रा एकत्र आणायचा मोठा प्रयोग केला होता. आणि सेबॅस्टियन डिसोझा, शंकर जयकिशनचे अरेंजर. गायिका लांब स्वर धरते तेव्हा मागे व्हायोलिन्स जी वेगळीच सुरावट घेऊन वर चढतात ना, ती काउंटर मेलडी, तिथे या माणसाचा हात. चाल संगीतकाराची, पण पोत अरेंजरचा. पडद्यावर मात्र ही नावं बारीक अक्षरात तरी यायची, नाहीतर यायचीच नाहीत.

झब्बू
म्हणजे अंताक्षरीत आम्ही गाण्याबरोबर मधलं म्युझिकपण तोंडाने वाजवतो आणि बायको 'शब्द म्हण की' म्हणून ओरडते, ते पॉलिफोनीचं प्रशिक्षण होतं तर. दाखवतो तिला हा धागा.

नंदिनी_क
झब्बू, हे गमतीत लिहिलंत पण मुद्दा लाखाचा आहे. जुन्या गाण्यांच्या व्हायोलिनच्या ओळी लाखो लोकांना पाठ आहेत, म्हणजे आपल्या कानाला दुसरी सुरावट ऐकायची सवय आहेच. फक्त ती गायकाच्या बरोबरीने चालू असताना ऐकायची वेळ आली की आपण शब्दांच्या मागे जातो. शब्द समजणाऱ्या भाषेतले असले की कान तिकडेच धावतो, तेव्हा सवय करायला सुरुवातीला नुसतं वाद्यसंगीत बरं.

न्यूजर्सीची_आत्या
मी इथल्या गावातल्या कॉयरमध्ये आल्टो गाते, म्हणजे बायकांतला खालचा आवाज. लहानपणी पुण्यात चार वर्षं गाणं शिकले होते, त्यामुळे वाटलं आपल्याला जमेलच. पहिल्या दिवशी माझी ओळ हातात आली आणि ती जवळजवळ सगळी एकाच स्वरावर! प प प प म प. घरी एकटीने म्हटली तर नवरा म्हणाला बिघडलंय का काही. आणि मग तालमीला चारही आवाज एकत्र लागले तेव्हा माझा तोच प आधी भक्कम वाटला, मग बासने (पुरुषांतल्या खालच्या आवाजाने) खाली स्वर बदलला आणि माझा प एकदम दुखरा झाला, मी काहीही न करता. डावा_हात यांनी वर सांगितलेला तार सा चा प्रयोग मी गळ्याने केलाय असं समजा. आतला आवाज गायल्याशिवाय होमोफोनी खरी कळत नाही असं माझं ठाम मत आहे, ऐकणाऱ्याला वरची चाल मिळते पण त्या चालीला अर्थ आम्ही देतो.

नंतर आम्ही पालेस्ट्रीना केला, सोळाव्या शतकातला, आणि तिथे उलटं. तिथे आल्टोलाही सुरेख चाल आहे, सोप्रानोने (बायकांतल्या वरच्या आवाजाने) म्हटलेला तुकडा आमच्याकडे येतो, आम्ही तो घेऊन पुढे जातो तोवर टेनर (पुरुषांतला वरचा आवाज) घेतो. तिथे सगळ्यात अवघड काय तर आपण गात असताना दुसऱ्याकडे जागा सोडणं.

तीनताल१६
आत्याबाई, फार आवडला प्रतिसाद. मग मला सांगा, आपली जुगलबंदी पॉलिफोनीच ना? सतार आणि सरोद, दोन स्वतंत्र सुरावटी.

नंदिनी_क
मला नाही वाटत. जुगलबंदीत बहुतेक वेळ एक वाजवतो तेव्हा दुसरा थांबतो किंवा मुखडा धरतो, सवालजवाब तर नावातच आलं. एकत्र येतात तेव्हा तिहाईला एकच ओळ वाजवतात. क्वचित आलापात एकाचा स्वर रेंगाळतो आणि दुसरा त्यावर बोलतो, तेवढे क्षण सोडले तर ते संभाषण आहे, एकाच वेळचं दुहेरी बोलणं नाही.

तीनताल१६
ते क्षण सोडायचे का? माझ्या मते तेच तर ऐकायला जातो आपण. सरोदचा मंद्र पंचम घुमतोय आणि त्यावर सतारीची मींड येते, तिथे दोन वेगळ्या गोष्टी एकाच वेळी चालू आहेत आणि दोघांनाही दुसऱ्याचं भान आहे. प्रमाण कमी म्हणून नावच द्यायचं नाही हे बरोबर नाही.

बरं ते जाऊ द्या, माझ्या घरातलं उदाहरण देतो. तबला सोलोला लेहरा. पेटीवर किंवा सारंगीवर सोळा मात्रांची एकच सुरावट तासभर फिरत राहते, बदलत नाही, बदलायचीच नाही. आणि वर तबला पेशकार, कायदे, रेले करत जातो. इथे मेलडी झाली साथ आणि ताल झाला मुख्य आवाज. कुठल्या खान्यात बसवाल?

डावा_हात
हा प्रश्न भारी आहे, कारण याचा भाऊबंद तिकडे आहे. पाखेलबेलचा कॅनन, जो हल्ली प्रत्येक लग्नाच्या व्हिडिओला लावतात. खाली बास आठ स्वर वाजवतो: सा प ध ग म सा म प. तेच आठ, अठ्ठावीस वेळा, पहिल्यापासून शेवटपर्यंत. लेहराच की! आणि वर तीन व्हायोलिन. पहिलं जे वाजवतं तेच दुसरं एक आवर्तन सोडून वाजवतं, तिसरं आणखी एक आवर्तन सोडून. तिघांची ओळ अक्षरशः एकच आहे, पण एकाच क्षणी तिघं तिच्या तीन वेगळ्या ठिकाणी असतात. तीनताल, तुम्ही हाताने टाळी देत ऐका, आठ मात्रांची सम धरा, प्रत्येक समेला वर काय नवीन आलं ते बरोबर सापडेल. तबलजीला हे आमच्या विद्यार्थ्यांपेक्षा लवकर जमेल, आवर्तन अंगात असतं तुमच्या.

वारीचा_वाटसरू
भजनाचं कोणी बोललं नाही अजून. दिंडीत शेदोनशे माणसं एकच अभंग म्हणतात, पुरुष खालच्या सप्तकात, बाया वर, मागची रांग पुढच्यापेक्षा अर्धी मात्रा उशिरा कारण वीणेकरी लांब आहे, कोणी चाल सरळ म्हणतो कोणी हरकत घेतो, टाळ सगळ्यांना बांधून ठेवतात. रेकॉर्डिंगमध्ये यातलं काही उरत नाही, मधे उभं राहूनच ऐकायला हवं. नंदिनीताई म्हणतात ती हेटरोफोनी हीच असणार.

नंदिनी_क
हीच. आणि तिथे साथीदार गायकाच्या मागे नाहीयेत, शेदोनशे गायक एकमेकांच्या आजूबाजूला आहेत.

सूरपेटी
वा, एवढं होईल असं वाटलं नव्हतं. तार सा चा प्रयोग केला. लेकीला डोळे मिटायला सांगून केला, तिला विचारलं वरचा सूर बदलला का, तर म्हणाली हो, तीनदा बदलला. मग हात दाखवला. तेव्हापासून घरातले सगळे स्वर म वर आणि ध वर ठेवून बघणं चालू आहे.

मोठ्या ऑर्केस्ट्राचं मात्र अजून जमत नाही. चार आवाजांपर्यंत ठीक, पुढे गर्दी.

डावा_हात
मग सुरुवात अशा रचनांनी करा जिथे मेलडी हलत नाही आणि फक्त टेक्श्चर बदलतं. रावेलचा बोलेरो, १९२८ चा. छोट्या ड्रमवर एक ठेका अगदी पहिल्यापासून, आणि त्यावर त्याच दोन सुरावटी आलटूनपालटून. आधी एकटी बासरी, मग क्लॅरिनेट, मग बसून नावाचं खालच्या आवाजाचं वाद्य, अशी वाद्यं बदलत आणि वाढत जातात. शेवटाजवळचं एक वळण सोडलं तर रावेल चालीला हातच लावत नाही, सुमारे पंधरा मिनिटं. मध्ये एका ठिकाणी हॉर्न चाल वाजवतो आणि वर पिकोलो (छोट्या बासऱ्या) तीच चाल वेगळ्या पट्टीत वाजवतात, अगदी बारीक, आणि ऐकताना वाटतं की ऑर्गन वाजतोय. ऑर्गन नाहीचे तिथे. प्रत्येक फेरीला फक्त एवढंच विचारा, आत्ता नवीन कोण आलं?

ते जमलं की बेथोव्हनच्या सातव्या सिंफनीचा दुसरा भाग. चाल म्हणाल तर सुरुवातीला बराच वेळ एकाच स्वरावर, नुसती लय. आधी ती फक्त खालच्या तंतुवाद्यांत. मग ती व्हायोलिन्सकडे जाते आणि खाली व्हायोला-चेलो एक नवीन लांब सुरावट सुरू करतात, हीच ती काउंटर मेलडी. इथे मुद्दाम चाल सोडून द्या आणि चेलोला धरून चाला. चाल कुठे जात नाही, ती आपोआप ऐकू येत राहते. १८१३ ला व्हिएन्नात पहिल्यांदा वाजला तेव्हा लोकांनी याच भागाला वन्स मोअर दिला होता.

मिरजेचा_भोपळा
आमच्या संगीत नाटकवाल्यांना हे ऐकून बरं वाटेल.

न्यूजर्सीची_आत्या
डावा_हात यांच्याशी सहमत, फक्त एक भर. जी ओळ ऐकायची ती आधी गाऊन घ्या, बेसूर झाली तरी चालेल. गळ्यातून गेलेली ओळ नंतर कितीही गर्दीत ओळखू येते.

सूरपेटी
आता मूळ प्रश्न राहिला. परीक्षेत ख्यालाचा तुकडा ऐकवला तर लेकीने काय लिहावं? मोनोफोनी लिहिलं तर नोट्सप्रमाणे बरोबर, पण तिला आता ते पटत नाहीये, आणि मलाही.

नंदिनी_क
एक शब्द लिहून थांबू नका म्हणावं. जे ऐकू येतं ते लिहायचं: मुख्य सुरावट एक, आवाजाची. पेटी किंवा सारंगी तीच सुरावट थोड्या फरकाने मागून म्हणते, म्हणून हेटरोफोनिक. खाली षड्ज-पंचमाचा अखंड झंकार आणि तबल्याचा ठेका. कॉर्ड बदलत नाहीत. चार ओळीत होतं, आणि तपासणाऱ्याला कळतं की मुलीने खरंच ऐकलंय. आणि क्लासमध्ये विचारूही द्या तिला, बाईंना आवडेल असा प्रश्न.

डावा_हात
आवडेलच. मी माझ्या नोट्समध्ये चौथा प्रकार आजच घालतेय.

तीनताल१६
लेहऱ्यावर वेगळा धागा काढतो रविवारी. रागवार लेहरे, विलंबितचे, द्रुतचे, ज्यांच्याकडे जे असेल ते सरगमसकट टाका. सूरपेटी, तुमच्याकडून चंद्रकंस रागाचा हवाय.